दुधाच्या घरात ‘नो मिल्क’

‘अगं, लहान मुलीला दूध नाही देत? का?’ या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे तीन साइजमध्ये तयार असतं. लिफ्टमधल्या शेजारणीसाठी एका वाक्याचं, प्लेग्रुपच्या टीचरसाठी पाच मिनिटांचं आणि सासरच्या मंडळींसाठी... ते गेली तीन वर्षं चालूच आहे!

माझी लेक साडेतीन वर्षांची. तिला दुधाची ॲलर्जी आहे. आम्ही राहतो पुण्यात, पण तिचे आजी-आजोबा संगमनेर तालुक्यात. जिल्हा कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच. नाव कुठलंही घ्या, दूधधंद्यात हा जिल्हा राज्यात आघाडीवर. आमच्या गोठ्यात सहा गाई. सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन डेअरीवर जायचं, फॅट किती लागली ते बघायचं आणि येणाऱ्या पैशाला ‘दुधाचा पगार’ म्हणायचं. माझ्या नवऱ्याचं इंजिनिअरिंग याच पगारावर झालं. आता अशा घरात जाऊन सांगा, की नातीला दूध चालत नाही!

उष्टावणाला आजीने कौतुकाने खीर भरवली, मोजून चार चमचे. दहा मिनिटांत अंगभर गांधी, सुजलेले ओठ, उलट्या. पुढे डॉक्टर, तपासण्या आणि निदान. मग सुरू झाले सल्ले. ‘पाकिटातलं नाही, आपल्या घरच्या गाईचं आहे.’ ‘म्हशीचं देऊन बघ.’ ‘शेळीचं तर औषधी असतं.’

म्हणून थोडं सायन्स. दूध ‘न पचणं’ वेगळं. तिथे दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचवणारं एन्झाइम कमी पडतं, पोट बिघडतं. ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा दुधातल्या प्रोटीनलाच शत्रू समजते. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रोटीन्स गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात, की बहुतेक मुलांना तीही चालत नाहीत. उकळून उपयोग नाही. तुपातही प्रोटीनचा अंश राहू शकतो, म्हणजे शिर्डीचा प्रसादाचा लाडूसुद्धा बाद! आणि रिॲक्शन मोठी असेल, श्वास लागला, मूल गळून गेलं, तर पहिला उपचार म्हणजे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन आणि तडक हॉस्पिटल. ॲलर्जीच्या गोळीवर वेळ काढायचा नाही.

सगळ्यात अवघड सल्ला आमच्या मामंजींचा. ‘थोडं थोडं दिलं की सवय होते.’ अवघड अशासाठी, की यात थोडं तथ्य आहे. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणे खायला दिले, तर शेंगदाण्याची ॲलर्जी बरीच टळते. पण ती टाळण्याची गोष्ट झाली. ॲलर्जी एकदा झाल्यावर प्रयोग करायचा तो डॉक्टरांच्या नजरेखाली, स्वयंपाकघरात नाही. हे मामंजींना पटायला एक अख्खी दिवाळी लागली.

सासूबाईंचं दुखणं मात्र सायन्सचं नव्हतंच. एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘मग मी तिला देऊ तरी काय गं?’ मी गप्प! नातवंडं आली की पितळीभर धारोष्ण दूध हातात द्यायचं, हेच तर त्यांचं लाडाचं माप. ते आम्ही काढून घेतलं होतं.

त्याचं उत्तर त्यांनीच शोधलं. शेजारच्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात नाचणी पिकते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सव्वाशेच्या आसपास. अर्थात नाचणी म्हणजे दुधाची बदली नव्हे. बाकीचा हिशोब डॉक्टर आणि डाएटिशियन बघतात. पण आजीकडे आता नाचणीचे, तिळाचे, दाण्याच्या कुटाचे लाडू असतात, तुपाचा थेंबही नसलेले. नातीचं पातेलं वेगळं, कालथा वेगळा. पाहुण्याने तिच्यापुढे पेढा धरला, तर आजीच आधी ओरडते, ‘ओ, तिला नका देऊ!’

पुण्यात मी पाकिटं वाचते. २०२० च्या नियमांप्रमाणे पॅकबंद पदार्थात दूध असेल तर तसं छापावं लागतं. ब्रेड, बिस्किटं, चिप्सचा मसाला... व्हे, केसिन, मिल्क सॉलिड्स कुठेही दडलेले असतात. मिठाईच्या सुट्या बॉक्सवर मात्र सहसा काहीच लिहिलेलं नसतं.

बऱ्याच मुलांची दुधाची ॲलर्जी वाढत्या वयात जाते. आमची पुढची टेस्ट दिवाळीनंतर, हॉस्पिटलमध्येच. गेली तर पार्टी! नाही गेली, तरी तिची ताटली काही रिकामी नाही.

तेव्हा ऑफिसात कलीगचं पिल्लू आलं, की चॉकलेट लगेच त्याच्या हातात ठेवू नका. आधी आई-बाबांना विचारा, ‘याला चालतं ना?’ अहो, विचारलंत तर आम्हाला राग येत नाही. उलट, त्या दिवशी आमचं एक उत्तर वाचतं!