खोडलेली ओळ

संगणकावर केलेल्या चित्राला मी मनातून कधी चित्र मानलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो. ज्यात हाताला रंग लागत नाही, कपडे खराब होत नाहीत आणि घरच्यांची बोलणी खावी लागत नाहीत, ती कसली कला? त्यामुळे कॉलेजच्या वार्षिकाचं मुखपृष्ठ मी संगणकावर कोलाज करून देते, असं दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी म्हणाली, तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "अगं, कोलाज हा शब्दच मुळी 'चिकटवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलाय. १९१२ साली पिकासोनं वेताच्या विणीचं चित्र छापलेलं मेणकापड आपल्या चित्रावर चिकटवलं आणि भोवती दोरखंडाची चौकट बसवली. तुझ्या कोलाजात डिंक कुठं आहे?"

"डिंक नाही सर, म्हणून तर तुमच्याकडं पत्रं मागायचं धाडस होतंय," ती म्हणाली. "त्यांना कात्री लागणार नाही."

अंकाचा विषय होता 'घर'. जुन्या पत्रांच्या विटा करून तिला एक घर उभारायचं होतं. शिपाईमामांपासून ग्रंथपालबाईंपर्यंत सगळ्यांपुढं तिनं झोळी फिरवली होती. मीही कपाटातून दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाचसहा पोस्टकार्डं काढून दिली. दिली खरी, पण जीव त्यांच्यातच अडकला. मग काय, तास संपला की माझी पावलं आपोआप कॉम्प्युटरच्या खोलीकडं वळू लागली.

तिथं जे पाहिलं त्यानं माझा तोरा हळूहळू उतरला. एकेक पत्र ती स्कॅनरच्या काचेवर हलक्या हातानं ठेवायची. इंचाला सहाशे ठिपके, इतकी बारीक नक्कल. मग प्रत्येक तुकड्याचा वेगळा थर. पोळ्यांच्या चवडीसारखे थरावर थर. फरक एवढाच, की या पोळ्यांतून आरपार दिसतं! एक युक्ती तर मला फारच आवडली. वरच्या थरातला कागदाचा पांढरेपणा विरून जातो आणि अक्षरं तेवढी खालच्या भिंतीवर उतरतात. दुसरी युक्ती झाकण्याची. नको असलेला भाग पुसल्यासारखा दिसतो, पण तो पुसलेला नसतो. झाकण बाजूला केलं की जसाच्या तसा हजर.

छपराला तिनं आजोळच्या कौलांचे फोटो घेतले होते, खिडक्यांना एस.टी.ची जुनी तिकिटं. एके दिवशी साठ थर झाले. मला चित्र पुरं झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तो निम्मं गायब! "गर्दी झाली होती सर. घरात माणसाला हलायला जागा नको?" माझ्याच निबंधांविषयी हे मला वेळीच कुणी सांगितलं असतं तर!

आणि मग एका दुपारी तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं.

उंबरठ्यासाठी तिनं दादांचं शेवटचं कार्ड घेतलं होतं. ते १९९९ सालचं. आई गेल्याला वर्षही झालं नव्हतं. दादा वाईला एकटे, मी पुण्यात एम्.ए.ला. कार्ड काळ्या शाईत लिहिलेलं. तळाची एक ओळ तेवढी निळ्या बॉलपेननं गिरगटून टाकलेली. ती खोडाखोड मी शेकडो वेळा पाहिली असेन. लिहिताना चुकलं असेल, एवढंच मानत आलो होतो.

"रंग जुळवताना मी निळा फिका केला सर," ती चाचरत म्हणाली, "तर खालचं काळं वर आलं. तुम्ही वाचलंय का हे?"

पडद्यावर दादांचं वळणदार अक्षर होतं : 'जमल्यास दिवाळीस ये. घर फार मोठे वाटते.'

मी त्या दिवाळीला गेलो नव्हतो. प्रबंधिकेचं काम होतं. पुण्याहून वाई एस.टी.नं तीनेक तासांची. पण गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात दादा गेले. त्यांनी कधी बोलावलं नाही, ही समजूत मी पंचवीसएक वर्षं उशाशी घेऊन झोपत होतो. दादांच्या हाती निळं पेन कधी नसे. पोस्टाच्या खिडकीशी सुतळीनं बांधलेलं बॉलपेन असतं ना, त्यानंच खोडलं असणार. म्हणजे घरात बसून लिहिलं, पोस्टापर्यंत सोबत नेलं, आणि पेटीत टाकता टाकता पोराच्या अभ्यासाची आठवण झाली.

"सर, ओळ ठेवू की काढू?"

मी एक दिवस मागून घेतला. त्यांची हाक सगळ्यांना ऐकवावी, असं रात्रभर वाटत होतं. पण सकाळी तिला म्हटलं, "ठेव. पण त्यांनी खोडली तशीच ठेव. निळ्याखाली."

तिनं मान हलवली आणि निळा रंग पुन्हा पहिल्यासारखा केला. काही विचारलं नाही. काय झाकायचं आणि काय पुसायचं नाही, हे त्या पोरीला माझ्याआधी कळलेलं होतं.

अंक निघाला. सौ.नं मुखपृष्ठ न्याहाळून विचारलं, "बाकी छान आहे हो, पण उंबरठ्यावर ही निळी गिचमीड कसली?" म्हटलं, "दादांची सही आहे."

त्या रात्री बंगलोरला शिकणाऱ्या चिरंजीवांना मोबाइलवर निरोप लिहिला : 'जमलं तर दिवाळीला ये. घर फार मोठं वाटतं.' दुसरं वाक्य पुसायला बोट दोनदा पुढं झालं. पुसलं नाही.

पाच मिनिटांत उत्तर आलं : 'तिकीट कधीच काढलंय बाबा. पण दोन खोल्यांचं घर मोठं कधी झालं?'