वाटीतले अस्तर

खुब्याचा कृत्रिम सांधा झिजतो तो बहुतेक वेळा अस्तरात. मांडीच्या हाडात ठोकलेली दांडी, तिच्यावरचा गोळा आणि कमरेच्या हाडातली वाटी हे भाग कडक. वाटीच्या आतले अस्तर, म्हणजे लायनर, मात्र बहुधा पॉलिइथिलीनचे. जळगावच्या केळीबागांतली ठिबकची काळी नळी याच कुळातली, पण लायनरच्या रेणूंच्या साखळ्या कितीतरी लांब असतात. त्यामुळेच ते घासणे सोसते.

या प्लास्टिकला सांध्याची वाट मागाने दाखवली. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवीत. टेफ्लॉन गुळगुळीत, तरी त्या काही वर्षांतच झिजून गेल्या. 1962 मध्ये यंत्रमागांचे प्लास्टिक गिअर विकणारा एक जण नवा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिले आणि तो नापसंत केला. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो चाचणीयंत्रावर चढवला. तीन आठवडे अहोरात्र घासूनही तो टेफ्लॉन एका दिवसात झिजे त्याहून कमी झिजला. अमळनेरच्या प्रताप मिलचे किंवा धुळ्याचे माग पाहिलेल्याला याचे नवल वाटू नये.

जुन्या लायनरची झीज वर्षाला सुमारे 0.1 मिलिमीटर. आकडा क्षुल्लक वाटतो, आणि लायनरला भोक पडणे तसे विरळाच. घात करते ती भुकटी. मायक्रॉनहून बारीक कण शरीराच्या सफाई पेशी गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या चिडून हाड खाणाऱ्या पेशींना जागे करतात. वाटीमागचे हाड पोखरते आणि सांधा ढिला होतो. बराच काळ याचे खापर हाडात भरलेल्या सिमेंटवर फुटले. सिमेंट नसलेले सांधेही तसेच ढिले झाले तेव्हा सिमेंट निर्दोष ठरले.

झिजेत भर घातली निर्जंतुकीकरणाने. हवेत गॅमा किरण दिलेले लायनर ऑक्सिजन शोषून खोक्यातल्या खोक्यातच ठिसूळ होई. उन्हात प्लास्टिक तडकते तो प्रकार याचाच भाऊबंद. ठिबकच्या नळीत काजळी घालतात ती त्यासाठीच. 1990 च्या दशकाअखेर जास्त किरण देऊन साखळ्या एकमेकींत गुंतवलेले आणि नंतर तापवलेले पॉलिइथिलीन आले. झीज निम्म्याहूनही खाली गेली, पण चिवटपणा थोडा घटला. वाटी फार उभी बसली तर पातळ लायनरची कड तडकू शकते. म्हणून वाटीचा कोन साधणे आणि लायनर दाबण्याआधी आत अडकलेला हाडाचा चुरा पुसणे, ही कामे किरकोळ मानू नयेत.

धातूवर धातू घासणारे सांधे हा प्लास्टिकच्या झिजेवरचा तोडगा वाटला होता. कोबाल्ट-क्रोमियमच्या कणांनी तो अंगलट आला. 2010 मध्ये अशा एका सांध्याची जगभरातून माघार झाली, आणि भारतातही तो हजारोंना बसवलेला होता.

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, चोपडा, शिरपूर भागात झिजेचा हिशेब आणखी कडक होतो. तिथल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तरुणपणीच सांधा बदलावा लागू शकतो. साठीतल्या माणसाला वीस वर्षे टिकणारे लायनर पुरते, पंचविशीतल्याला नाही. उकिडवे बसताना दांडीची मान लायनरच्या कडेवर आदळली तर तिथेही झीज होते.

हाड पोखरत असताना सहसा दुखत नाही, त्यामुळे रुग्ण येत नाही. ठरावीक मुदतीने काढलेल्या एक्स-रेत गोळा वाटीच्या मध्यापासून वर सरकलेला दिसला, तर तीच झीज. वाटी हाडात घट्ट असेल आणि लायनर अडकवण्याची तिची खाच शाबूत असेल, तर बहुधा लायनर आणि गोळा तेवढे बदलून भागते.