बाळंतिणीचें मन

घरांत बाळंतीण असली म्हणजे तिच्या देहाच्या व्यवस्थेंत आपल्याकडे तिळमात्र उणें पडत नाहीं. शेगडींत निखारा किती असावा, धुरीला ओवा किती घालावा, अळिवाची खीर कोणत्या दिवसापासून द्यावी, डिंकाचे लाडू केव्हां सुरू करावे, कानाला फडकें किती दिवस बांधावें, याविषयींचें शास्त्र पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ चालत आलेलें आहे. या शास्त्राची थट्टा करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. सव्वा महिना बाईला चुलीपासून दूर ठेवून गरम अन्न तिच्या हातांत देणारी ही चाल मोठी शहाणपणाची आहे. परंतु या एवढ्या तपशिलांत तिच्या मनासाठीं कोणती तरतूद आहे, असें विचारलें तर उत्तरादाखल एकच वाक्य पुढें येतें : "रडूं नकोस, दूध आटेल."

आपल्या पूर्वजांना मनाचा हा प्रश्न सुचलाच नव्हता, असें मात्र नव्हे. सुश्रुतानें चौथ्या महिन्यांतील गर्भिणीस दोन हृदयांची स्त्री मानलें आहे आणि तिच्या इच्छा पुरवाव्या असें आग्रहानें सांगितलें आहे. आपला 'डोहाळे' हा शब्द त्याच विचारांतून आलेला आहे. पण डोहाळजेवण झालें, ओटी भरली, मूल जन्मलें, कीं दुसरें हृदय पाळण्यांत जातें आणि पहिल्याची आठवण फारशी कोणास राहत नाहीं.

या विषयावर आतां प्रत्यक्ष मेंदूचीं चित्रें घेऊन संशोधन झालेलें आहे. एल्सेलिने हुकझेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बार्सिलोना येथें 25 स्त्रियांच्या मेंदूचीं चित्रें पहिल्या गर्भधारणेपूर्वीं व प्रसूतीनंतर घेतलीं आणि निष्कर्ष 2016 सालीं प्रसिद्ध केला. मेंदूंतील करड्या द्रव्याचें आकारमान कांहीं ठराविक ठिकाणीं कमी झालेलें आढळलें. आणि हीं ठिकाणें म्हणजे दुसऱ्याच्या मनांत काय चाललें आहे हें ओळखण्याचें काम जेथें होतें, नेमकीं तींच. हा बदल इतका नियमित होता कीं, केवळ चित्रांवरून कोणती स्त्री आई झाली हें सांगतां येत होतें. आणि दोन वर्षांनंतरही तो बहुतांशीं टिकून होता. पुढें 2024 सालीं एलिझाबेथ क्रॅस्टिल या अमेरिकन विदुषीच्या मेंदूचीं 26 चित्रें प्रसिद्ध झालीं. तीं गर्भधारणेच्या तीन आठवडे आधींपासून प्रसूतीनंतर दोन वर्षांपर्यंत घेतलेलीं होतीं. संशोधक आणि संशोधनाचा विषय अशा दोन्ही भूमिका त्यांनीं स्वतःच पार पाडल्या.

'कमी झालें' हा शब्द ऐकून कोणी घाबरूं नये. बार्सिलोनाच्या त्या स्त्रियांच्या स्मरणशक्तींत उणेपणा आढळला नाहीं. उलट ज्यांच्या मेंदूंत बदल अधिक, त्यांची बाळाविषयींची ओढही अधिक दिसली. आमच्या विंचूरच्या आसपास, साऱ्या निफाड तालुक्यांत, द्राक्षाच्या बागा आहेत. एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत गोडी छाटणी झालेली बाग नवख्या माणसानें पाहिली तर त्याला ती उजाड झाली असेंच वाटेल. बागाइतदाराला मात्र ठाऊक असतें कीं, घड येण्यासाठींच ही कापणी आहे. तोच बागाइतदार हेंही जाणतो कीं, छाटणीनंतरचे दिवस नाजूक असतात. त्या दिवसांत तो बागेवरची नजर काढीत नाहीं. बाळंतिणीच्या मनाचे नाजूक दिवस तेच.

त्यांत आणखी एक गोष्ट घडते. गर्भारपणांत रक्तांतील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या द्रव्यांचें प्रमाण पुष्कळ वाढलेलें असतें, तें प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत एकदम खालीं येतें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं बाईला उगाच रडूं येतें, तें बहुधा या काळांतलें. निम्म्याहून अधिक बाळंतिणींस तें येतें आणि दोन आठवड्यांच्या आंत आपोआप ओसरतें. त्यापुढेंही उदासपणा राहिला, तर तो स्वभाव नव्हे, नखरा नव्हे, दृष्टही नव्हे. तो आजार आहे. याहून भयंकर असा प्रसूतीनंतरचा उन्माद हजारांत एका-दोघींस होतो. बाई भ्रमिष्टासारखी बोलूं लागली, दिवसच्या दिवस झोपेनाशी झाली, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. एक रात्रही वाट पाहूं नये.

हें सारें आम्ही केवळ वाचून लिहीत नाहीं. आमच्या धाकट्या दिरांची मुलगी कांहीं वर्षांपूर्वीं पहिलटकरीण म्हणून पुण्याहून विंचूरास माहेरीं आली. बारसें थाटांत झालें. तिसऱ्या आठवड्यापासून तिचें बोलणें तुटत गेलें. बाळ झोपलें असतांही तिचे डोळे उघडे असत. एके रात्रीं ती आम्हांस म्हणाली, "काकू, हें बाळ माझ्यापेक्षां शहाण्या बाईच्या पोटीं यायला हवें होतें." घरांतील मतें नेहमींप्रमाणें अनेक होतीं. कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, कोणी म्हणालें कीं आमच्या आईनें नऊ बाळंतपणें हंसतमुखानें काढलीं. जाऊबाई व आम्ही तिला घेऊन नाशकास गेलों. तेथील डॉक्टरीणबाईंनीं तिला दहा प्रश्न विचारले. ही प्रश्नावली 1987 सालीं स्कॉटलंडांत तयार झाली आणि आतां जगभर वापरली जाते. तिचा दहावा प्रश्न, स्वतःला इजा करण्याचा विचार मनांत येतो काय, असा आहे. मुलीनें मान खालीं घातली आणि म्हटलें, "कधीं कधीं." घरांत आम्ही चौदा माणसें, पण हा प्रश्न तिला विचारणारें पहिलें माणूस परकें होतें. स्तनपानाला बाध न येणारें औषध मिळालें, रात्रीं सलग पांच तास झोप मिळावी अशी पाळी आम्ही लावली, आणि चार-पांच महिन्यांत ती पूर्ववत् हंसूं लागली.

ही हकीकत एका घरची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. गोव्यांत विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं म्हापशाच्या रुग्णालयांतील मातांची पाहणी केली. ती 2002 सालीं प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर 6 ते 8 आठवड्यांनीं शेंकडा 23 माता या उदासीनतेनें आजारी आढळल्या, आणि त्यांपैकीं शेंकडा 78 जणींचें मन गर्भारपणांतच बिघडलेलें होतें. सहा महिन्यांनींही अर्ध्याहून अधिक बऱ्या झालेल्या नव्हत्या. दारिद्र्य, नवऱ्याशीं बेबनाव, आणि मुलगा हवा असतां मुलगी होणें, हीं कारणें ठळकपणें पुढें आलीं. यांतील शेवटचें कारण मेंदूंतून येत नाहीं, तें ओसरीवरून येतें. "पहिली बेटी" असें म्हणतांना आवाज किंचित् उतरतो, तो आंतल्या खोलींत ऐकूं जातो, हें आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवलें पाहिजे. त्याच संशोधकांना पुढें असेंही आढळलें कीं, अशा मातांच्या बाळांची वाढही मागें पडते. तेव्हां हा केवळ बाईच्या मनाचा प्रश्न नाहीं.

एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, म्हणून मनाला आधारही पुष्कळ, असें आपण धरून चालतों. तें अर्धेंच खरें आहे. हात पुष्कळ असतात. कान असतीलच असें नाहीं. बाळ पाहायला येणाऱ्यांची रीघ, प्रत्येकीचा निराळा सल्ला, आणि दूध पुरतें कीं नाहीं याची चारचौघींत चौकशी, यांनीं बाई थकते. उलट कान मिळाला, तर काय होतें तेंही सिद्ध झालेलें आहे. रावळपिंडीकडील खेड्यांत सरकारी आरोग्यसेविकांना ऐकावयास, धीर द्यावयास व मनांतील निराशेचे विचार बदलण्यास मदत करावयास शिकविलें, तेव्हां उदास मातांपैकीं सहा महिन्यांनीं आजारी राहिलेल्यांचें प्रमाण शेंकडा 53 ऐवजीं 23 आलें. हा निष्कर्ष 2008 सालचा आहे. त्या सेविकांपाशीं औषध नव्हतें. त्या घरीं जाऊन बसत व बोलत. आपल्या घरांत बसणाऱ्या-बोलणाऱ्या बायकांचा तुटवडा खासच नाहीं.

पुरुषमंडळींनीं हा लेख बायकांचा म्हणून पान उलटूं नये. इस्रायलांत 2014 सालीं झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, जो बाप बाळाची प्रत्यक्ष जोपासना करतो त्याच्याही मेंदूंत फरक दिसतो, आणि जोपासना जितकी अधिक तितका तो फरक ठळक. बाळाला मांडीवर घेऊन जागणाऱ्या बापाचा मोठेपणा यानें कमी न होतां वाढेलच.

आमचें गांव विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचें. पानिपताच्या 1761 च्या रणांतून ते परत आले, ही कथा येथील पोरासोरांना ठाऊक आहे. त्याच काळीं येथील माजघरांतल्या किती बाया बाळंतवाताच्या नांवाखालीं खचल्या, याची नोंद कोणत्याच दप्तरांत नाहीं. आज मात्र अज्ञानाची सबब उरलेली नाहीं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळें करूं नये, असें ठरविलें आहे. सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा 14416 हा दूरध्वनि 2022 सालापासून सुरू आहे आणि त्यावर मराठींत बोलतां येतें.

तेव्हां आमच्या वाचकभगिनींस विनंति एवढीच कीं, बाळंतिणीसाठीं सामानाची जी यादी आपण सातव्या महिन्यांतच करून ठेवतों, तींत एक माणूसही लिहावें. त्यानें रोज एकदां खोलींत जावें, दार लोटून घ्यावें, बाळाचें कांहींएक न विचारतां तिलाच विचारावें, "रात्रीं तुला झोप लागली का?" आणि उत्तर पुरें होईपर्यंत उठूं नये.