नावेचे दुसरे टोक

कात्रजच्या एका सोसायटीत, वाहनतळाच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली एक कयाक दोन वर्षे पडून होती. प्लॅस्टिकची, एका माणसाची, वजन २८ किलो. पुढचे टोक वडील उचलीत, मागचे मुलगा. मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीला गेला आणि वडिलांच्या कमरेने साथ सोडली. दिवेआगरला ओहोटीच्या वेळी पाणी फार मागे जाते. तेवढी वाळू एकट्याने कशी ओलांडावी? चाकांची ट्रॉली जमली नाही, तर नाव विकायची असे ठरले.

पहिली ट्रॉली स्वस्त, अरुंद व टणक चाकांची. शेजारच्या बांधकामावरील वाळूच्या ढिगावर त्यांनी ती ओढून पाहिली. चाक फिरेना, नांगराच्या फाळासारखे रुतत गेले. भार तोच, पण टेकणारी जागा चिंचोळी. वाळूला हवीत फुग्यासारखी रुंद चाके. मोटारीच्या टायरात तीसेक पौंड हवा असते, यांत जेमतेम दोन-तीन. किंमत ऐकून पत्नी म्हणाल्या, “अहो, नावेपेक्षा गाडीचाच थाट मोठा!” तक्रार रास्तच होती.

नावेच्या तळाला पाणी निचरण्याची भोके असतात. त्यांत खुंट्या अडकवायची ट्रॉली सोयीची खरी, पण सारा भार त्या भोकांवर येऊन तिथे तडा जाण्याची भीती. म्हणून पट्ट्यांनी बांधायची निवडली. सांगाडा ॲल्युमिनियमचा, कारण खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. नाव मात्र मध्यावरच टेकवायची. तागडी समतोल असली की हाताने फक्त ओढायचे. चढवतानाही एकच टोक उचलून ट्रॉली खाली सरकवायची, म्हणजे कमरेवर निम्माच भार.

दिवेआगरला पोहोचल्यावर चाके मऊ लागली. पुणे सुमारे ५६० मीटर उंच. समुद्रकाठी बाहेरच्या हवेचा दाब जवळजवळ एक पौंडाने अधिक. पत्नीने पिशवीतून पंप काढला. त्यांनी तो परत ठेवायला सांगितला. वाळूत मऊ चाक बरे. सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत ते दोनदा थांबले, एकदा दम खायला आणि एकदा सैल झालेला पट्टा आवळायला.

परतताना भरतीने वाट निम्मी केली होती. पत्नीने मागून हात लावला. त्यांनी नको म्हटले नाही.