लखनौची सनावळी पायाखाली

लखनौत पायी फिरायचे तर सुरुवात कुठून करावी, हा पहिलाच प्रश्न मला सुटेना. नकाशात बडा इमामबाडा, रूमी दरवाजा, सतखंडा, छोटा इमामबाडा, रेसिडेन्सी, कैसरबाग अशी नावे गोमतीच्या एकाच काठाने दिसत होती. पण कोणती वास्तू कोणाची, आधीची कोणती आणि नंतरची कोणती, याचा काही पत्ता नव्हता. आपल्याकडे किल्ला चढताना शिवकाल, पेशवाई, इंग्रजी अंमल असे कप्पे डोक्यात आधीच असतात. इथे आसफउद्दौला, सआदत अली, गाझीउद्दीन, नासिरुद्दीन, मुहम्मद अली, अमजद अली, वाजिद अली ही अवधच्या नवाबांची नावे एकामागून एक कानावर पडत होती आणि एकही चेहरा उभा राहत नव्हता. गाइड घ्यायचा नाही, सगळे आपल्याच पायांनी आणि डोळ्यांनी पाहायचे, एवढे मात्र ठरवले होते.

थंडीची सकाळ होती, धुके होते. बड्या इमामबाड्याच्या आवारात शिरलो तेव्हा समोरची इमारत तुकड्यातुकड्यांनी दिसत गेली. आधी कमानी, मग छतावरच्या छत्र्यांची रांग, मग उजवीकडे असफी मशिदीचे मिनार. चपला काढून मधल्या दालनात गेलो. सुमारे ५० मीटर लांब आणि १५ मीटर उंच असे ते दालन, आणि छताखाली एकही खांब नाही, तुळई नाही. दगडी देवळांच्या खांबांना सरावलेल्या मराठी डोळ्याला हे पटकन पटत नाही. छताचा भार भोवतालच्या जाड भिंती आणि त्यांच्या पोटातल्या बोळांचे जाळे पेलते. ते बोळ म्हणजेच भूलभुलैया. एकसारखी ४८९ दारे आहेत असे सांगतात. मी मोजत बसलो नाही. कोणत्या दारातून आलो हे लक्षात ठेवण्यातच सगळे ध्यान गेले. वरच्या सज्ज्यात कुणीतरी एका टोकाला कागद फाडला, त्याचा आवाज दुसऱ्या टोकाला माझ्या कानाशी आला. दालनात खाली कबर आहे आसफउद्दौलाची, आणि वास्तुकार किफायतुल्लालाही तिथेच जागा मिळाली आहे. बांधून घेणारा आणि बांधणारा एका छताखाली, हे मी आपल्याकडे कुठे पाहिले नव्हते.

बाहेर पायरीवर बसून वहीत लिहिले: १७८४. उत्तरेत मोठा दुष्काळ पडला होता आणि लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून आसफउद्दौलाने हे बांधकाम काढले. प्रतिष्ठित घरच्या माणसांना ओशाळे वाटू नये म्हणून त्यांना रात्री काम देत, असेही सांगितले जाते. ते साल लिहिताना एकदम जाणवले, की त्याच वर्षी महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. पुण्यात नाना फडणवीस कारभार पाहत होते. मग आसफउद्दौला मला परका राहिला नाही. महादजी आणि नानांच्या काळातला माणूस, १७७५मध्ये राजधानी फैजाबादहून इथे आणणारा. पुढे दिवसभर मी हेच करत राहिलो. लखनौचे प्रत्येक साल आपल्याकडच्या सालाशेजारी मांडत गेलो, आणि गोंधळ थोडाथोडा निवळत गेला.

रूमी दरवाज्याने मात्र पुन्हा चकवले. एका बाजूने तीन कमानींची साधी वेस दिसते. ओलांडून मागे वळून पाहावे तर साठ फूट उंचीचा प्रचंड अर्धा घुमट, त्याच्या कडेने पाकळ्यांची झालर. दोन वेगळे दरवाजे तर नाहीत ना, म्हणून परत जाऊन खात्री केली. जिथे गिलावा उडाला होता तिथे हात लावून पाहिला. आत बोटभर जाडीच्या चपट्या लाखौरी विटा आणि चुना. दगड नाहीच. एवढे सगळे वैभव विटा, चुना आणि गवंड्याच्या हातावर उभे आहे, हे कळल्यावर नक्षीकडे पाहायची माझी नजरच बदलली. काळ्या पाषाणाचा अभिमान आपल्याला असतो, तो योग्यच आहे. पण भिजवलेल्या चुन्यातून अशी पाकळी उठवणारा गवंडी तोडीस तोड कारागीर आहे.

पुढे १८८०च्या दशकातले २२१ फुटी घड्याळघर, तलाव, आणि सतखंडा. सात मजले योजलेला हा मनोरा मुहम्मद अली शाहच्या मृत्यूने १८४२मध्ये चौथ्यावरच थांबला. त्याचाच छोटा इमामबाडा १८३८चा, झुंबरांनी भरलेला. त्याच सुमारास, १८३९मध्ये, इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले होते.

चौक या जुन्या बाजारात शिरल्यावर सनावळी बाजूला ठेवावी लागली. गोल दरवाज्यापाशी मक्खन मलाई खाल्ली. थंडीतच मिळणारा तो केशरी फेस जिभेवर टिकतच नाही. गल्लीत एक वृद्ध छपाईवाले लाकडी ठसे निळ्या रंगात बुडवून मलमलीवर उठवत होते. चिकनकारीची सुई याच रेषांवरून चालते आणि काम झाल्यावर धुण्यात हा रंग निघून जातो. ‘आइए, बैठिए,’ म्हणून त्यांनी बसायला जागा करून दिली.

रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज रेसिडेंटच्या वसाहतीत, कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती तशाच उभ्या आहेत. १८५७च्या एप्रिलमध्ये नानासाहेब पेशवे लखनौला येऊन गेले होते. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत इथे इंग्रजांना वेढा पडला. त्याआधी साताऱ्याचे राज्य १८४८मध्ये, झाशी आणि नागपूर १८५४मध्ये, आणि अवध १८५६मध्ये खालसा झाले होते. शाळेत ही नावे एकाच यादीत पाठ केली होती. त्या उठावाचे इथे नेतृत्व करणाऱ्या बेगम हजरत महलच्या शहरात उभे राहिल्यावर ती यादी राहिली नाही. एकेक उठवलेले घर झाले.

शेवटी कैसरबाग. माशांची जोडी कोरलेला लाखी दरवाजा ओलांडून मी वाजिद अली शाहच्या परीखान्यापाशी आलो आणि पाटीवर भातखंडे हे नाव वाचले. वाळकेश्वरला जन्मलेले, वकिली सोडून गावोगावच्या उस्तादांकडून चिजा जमवणारे, रागांचे दहा थाट मांडणारे आपले पंडित विष्णु नारायण भातखंडे. १९२६मध्ये त्यांनी राय उमानाथ बली आणि इतर लखनौकरांच्या साथीने या शहरात मॅरिस कॉलेज सुरू केले. श्रीकृष्ण रातंजनकरांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. १९६६मध्ये त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले. ज्या नवाबाचे राज्य ठुमरी आणि कथकाच्या नादात गेले म्हणून इंग्रजांनी बदनामी केली, त्याच्याच वास्तूत एका मराठी माणसाच्या नावाने आज संगीत शिकवले जाते. आत कुणीतरी तबल्यावर ठेका धरला होता, आणि मी बराच वेळ फाटकाशीच उभा होतो.

लखनौला जाणारी बहुतेक मराठी मंडळी इमामबाडा पाहून, चिकनचे कुडते घेऊन परततात. कृपा करून कैसरबागेसाठी अर्धा दिवस ठेवा. ते चालते विद्यापीठ आहे, तेव्हा दारावर विचारून आत जावे.