नत्र, स्फुरद आणि साठ लिटर समुद्र

आमच्या भातखाचरांना स्फुरद कधी पुरलंच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातली ती जांभ्याची तांबडी माती. अण्णा उन्हाळ्यात शेण, कवळं, पातेरा पसरून राब भाजायचे, लावणीला डीएपी टाकायचे, फुटवे धरले की युरिया. माडांच्या आळ्यात मीठ आणि सुकी मासळी जायची ती वेगळीच. तरी माती परीक्षणाच्या कागदावर स्फुरदापुढे ‘कमी’ हाच शब्द यायचा.

दापोलीला कृषी महाविद्यालयात गेले तेव्हा त्याचं कारण कळलं. जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात. खतातलं फॉस्फेट त्यांना असं चिकटतं की भाताच्या मुळांच्या वाट्याला फार थोडं उरतं. प्रयोगशाळेत मातीच्या अर्कात मॉलिब्डेट घातलं की निळा रंग चढायचा. रंग जितका गडद तितकं स्फुरद जास्त. आमच्याकडच्या मातीचा निळा फिका यायचा. अण्णांचे पैसे कुठे गेले ते त्या नळीत दिसायचं आणि फार वाईट वाटायचं.

आता सिंगापूरच्या घरात तोच निळा रंग मी फॉस्फेट मोजायच्या कुपीत पाहते आणि तो फिका यावा म्हणून जपते. साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, दोन क्लाउनफिश, थोडे मऊ प्रवाळ, थोडे दगडी. माशांना घातलेल्या प्रत्येक चिमटीबरोबर नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतं. नत्राला निदान वाट आहे. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. टाकीतल्या खडकाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही अशा छिद्रांत, दुसरे जिवाणू त्यातल्या काहीचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. स्फुरदाला हवेत जाता येत नाही. ते पाण्यात राहतं, कुणाच्या अंगात राहतं, नाहीतर खडकात आणि वाळूत मुरतं. बाहेर काढायचं तर हातानंच.

त्यासाठी दुकानात लोहाच्या ऑक्साइडचे तांबूस दाणे मिळतात. पाणी त्यांच्यातून फिरवलं की फॉस्फेट त्यांना चिकटतं. आमच्या मातीनं ज्या गुणापायी अण्णांचं स्फुरद अडवून ठेवलं, तो गुण मी इथे पैसे मोजून आणते. फोनवर हे सांगितलं तेव्हा अण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग आपलीच माती ने की थोडी.” मातीनं पाणी गढूळ होईल, हे मी त्यांना समजावून सांगितलं. पण त्यांचा तर्क बरोबरच होता.

नवखे लोक नत्र-स्फुरद शून्यावर आणायच्या मागे लागतात. मला ते पटत नाही. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर तयार केलेलं अन्न त्याला देतं. नत्र फार झालं की ते शैवाल माजतं आणि प्रवाळ तपकिरी पडतो. फॉस्फेट फार झालं की चुन्याचा सांगाडा वाढायला अडतो. पण दोन्ही संपवली तर प्रवाळ फिका पडून उपाशी मरतो, आणि मोकळ्या जागेत डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी चिकटा पसरतो. खऱ्या प्रवाळ समुद्रातही पाण्यात ही द्रव्यं नगण्यच असतात, पण तिथे प्रवाह सतत नवं पाणी, नवे प्लवक घेऊन येतो. काचेच्या पेटीत ते कुठून यायचं? म्हणून मी लिटरमागे नायट्रेट 5 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.05 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवते.

टाकी लहान, म्हणून सगळं हळू करावं लागतं. दाणे जास्त झाले तर फॉस्फेट एकदम खाली येतं आणि प्रवाळ आक्रसतात. नंतर खडकात मुरलेलं सुटत राहतं, की आकडा पुन्हा वर. म्हणून दाणे अगदी थोडे, दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदलायचं, आणि खरा भरवसा टाकीच्या मागच्या कप्प्यातल्या शेवाळावर. ते हिरव्या तारांच्या गुंत्यासारखं वाढतं, रात्री त्याच्यावर दिवा असतो. मूठभर काढलं की नत्र-स्फुरद दोन्ही त्याच्याबरोबर बाहेर. ते गोड्या पाण्यात खळखळून धुऊन मी कढीपत्त्याच्या कुंडीत घालते.

लेकीला तिसरा मासा हवा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही; खडकातलं स्फुरद आधी उतरू दे.