एका पायावरचं वर्ष

बी.एस्सी. झाल्यावर एक वर्ष मी कुठेही प्रवेश घेतला नाही. पुढे एम.एस्सी.ला अर्ज करताना त्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट लागलं. पौडला नोटरीसमोर बसून टाइप केलेला मजकूर वाचला. सदर कालावधीत मी कोणत्याही संस्थेत शिक्षण घेत नव्हते, असं त्यात होतं. खरंच होतं ते, सही केली. पण घरी येताना वाटत राहिलं, ज्या वर्षी मी सगळ्यात जास्त शिकले, नेमकं तेच वर्ष कागदावर रिकामं दिसतंय.

ते वर्ष मी क्रॉस-कंट्री स्कीइंगला दिलं होतं, आणि बराचसा सराव पुण्याजवळच्या आमच्या पिरंगुटातच केला होता.

त्याआधी औलीला गढवाल मंडळ विकास निगमचा स्कीइंगचा कोर्स केला होता. तो उतारावरच्या स्कीइंगचा. भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण आणि स्कीइंगची संस्थाही औलीतच आहे. एका सकाळी काही जवान अरुंद, हलक्या स्की घालून सपाटीवरून निघाले आणि त्याच लयीत समोरचा चढ चढून गेले. मी बघतच राहिले. उतारावरच्या स्कीइंगमध्ये बूट पुढून-मागून स्कीला जखडलेला असतो आणि वर न्यायला लिफ्ट असते. इथे बूट फक्त चवड्याच्या टोकाशी अडकतो, टाच मोकळी. चढ, सपाटी, उतार, सगळं आपल्याच दमावर. मुळशीच्या चढउतारांवर वाढलेल्या मला ते एकदम आपलं वाटलं.

बर्फ नसेल तेव्हा जगभरचे स्कीपटू रोलर-स्कीवर सराव करतात. हातभराहून लांब ॲल्युमिनियमची पट्टी, पुढे एक चाक, मागे एक चाक. ब्रेक बहुधा नसतोच. जर्मनीतल्या मामेभावाने वापरलेली एक जोडी आणून दिली. पहाटे पाचला, कंपन्यांच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आधी, मी घोटावडे फाट्याच्या बाजूला निघायचे आणि बाबा मागून ॲक्टिव्हावर दिवा लावून यायचे. पिरंगुटचा घाट मी फक्त चढायचे. वर पोचलं की पट्ट्या काढून बाबांच्या मागे बसून खाली. बिनब्रेकच्या चाकांवर ट्रकांच्या रस्त्याने घाट उतरणं हे धाडस नव्हे, तो अविचार आहे. हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं आणि वर्षभर पाळलं.

पहिले दोन महिने मला वाटायचं, हे ढकलण्याचं काम आहे. जितकं जोरात ढकलू, तितकं पुढे जाऊ. दम मात्र पाच मिनिटांत जायचा. मग मोबाइलवर बाबांनी मागून काढलेलं चित्रण हळू करून पाहिलं. माझं डोकं दोन्ही पायांच्या मधोमध होतं. उजव्या पायावर जातेय असं मला वाटत होतं, पण वजन अर्धंच जात होतं. उरलेलं डाव्या पायाशी घुटमळत होतं, पडायच्या भीतीने. या खेळाचं मर्म तिथेच आहे. नाक, गुडघा आणि पायाचं बोट एका रेषेत आणून एका पायावर पुरतं जायचं, आणि गेल्यावर तिथे थांबायचं. ढकलणं अर्धा सेकंद; त्यानंतर जे घरंगळत जाणं आहे, ती कमाई आणि तीच विश्रांती. जो घरंगळण्याला घाबरून दुसरा पाय लवकर टेकतो, तो कमावलेलं तिथेच टाकून देतो.

स्कीच्या काठ्यांचं आजीने शिकवलं, असं मी मनापासून म्हणते. दोन्ही काठ्या एकदम टेकवून रेटायचं एक तंत्र आहे, डबल पोलिंग. माझे दंड भरून यायचे. अंगणात मी ते करून दाखवत होते, तर आजी म्हणाली, “हातानं कशाला मारतीस? कांडताना मुसळ कुणी हातानं मारतं का? अंग टाक की त्याच्यावर.” तिने उभं आयुष्य घरचा भात कांडला होता. तिने कमरेतून वाकून पोट आत घेऊन दाखवलं, आणि पुस्तकात ज्याला पोटाचे स्नायू वापरणं म्हणतात ते मला एका क्षणात कळलं. हात फक्त काठीला पोटाशी जोडून ठेवतात.

जूनमध्ये पावसाने रस्ता काढून घेतला. ओल्या डांबरावर काठीचं टोक घसरतं, ट्रकांच्या चिखलात चाकाचं बेअरिंग जातं. मग भातखाचरांच्या बांधांवरून काठ्या घेऊन लांब चालणं, घाटात पायी चढणं, आणि घरात एका पायावर उभं राहून दात घासणं. नॉर्वेचे अव्वल स्कीपटू वर्षाला ८०० ते ९०० तास सराव करतात, आणि त्यातला बहुतेक भाग बोलता येईल इतक्या सावकाश. मला जेमतेम ४०० जमले. पण सावकाश जायला धीर लागतो, तो मात्र त्या पावसाळ्यात आला.

जानेवारीत गुलमर्गला गेले. उंची सुमारे २,६५० मीटर, आणि गॉल्फच्या मैदानावर पसरलेला सपाट बर्फ. पहिल्या पाच पावलांत तीनदा मागे घसरले. कारण समजायला दोन दिवस गेले. क्लासिक प्रकारच्या रोलर-स्कीच्या एका चाकात खटका असतो, तो चाक उलट फिरू देत नाही. त्यामुळे रेटा उशिरा दिला तरी पाय पुढेच जातो. चाक चूक पोटात घालतं. बर्फ घालत नाही. बर्फावर स्कीचा मधला भाग नेमक्या क्षणी खाली दाबला, तरच तिथलं मेण बर्फाला धरतं. आणि मेणही रोज वेगळं: कडाक्याच्या थंडीला हिरवं, मग निळं, जांभळं, ऊन चढलं की लाल. बुचाच्या ठोकळ्याने ते घासून पातळ करताना हाताला ऊब लागते. निळं लावून सकाळी बर्फाला धरणारी स्की अकराच्या उन्हात साफ निसटायची. हे कुठल्याही घाटात शिकता आलं नसतं.

मी कुठल्या मोठ्या स्पर्धेत उतरले नाही. लडाखचा ताशी लुंडुप २०१०च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये या खेळात धावला, नदीम इक्बाल २०१४ला सोचीत, जगदीश सिंग २०१८ला प्योंगचांगमध्ये. जगदीश १५ किलोमीटरच्या शर्यतीत १०३वा आला. निकालाचा आकडा पाहून लोक हळहळतात. मला त्यामागची पहाट दिसते. कर्नाटकातल्या कोडगूची भवानी थेक्कडा नंजुंडा आज भारतातर्फे धावते. तिच्या जिल्ह्यातही बर्फ पडत नाही. मनालीचा शिवा केशवन तर बर्फावरून घसरणाऱ्या ल्यूजच्या गाडीला चाकं लावून डोंगरी रस्त्यांवर सराव करायचा, आणि सहा ऑलिंपिक खेळला. पुण्यात तर स्केटिंग शिकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. एका पायावर तोल धरायला ती आधीच शिकलेली असतात. त्यांना अजून कुणी काठ्या दिलेल्या नाहीत, एवढंच.

बारावी किंवा पदवीनंतर कुणी मुलगा-मुलगी एक वर्ष मागत असेल, तर आईबापांनी आधी एवढंच विचारावं: रोज पहाटे उठून काय करणार? उत्तर नेमकं आलं, तर वर्ष द्यावं. आमच्या घरी बाबांनी हेच विचारलं होतं.

रविवारी सकाळी साडेपाचला मी अजूनही त्या रस्त्यावर असते. आता दोन जोड्या आहेत. दुसऱ्या जोडीचे बूट अडतीस नंबरचे आहेत. ज्याला बसतील, त्याने यावं.